सुकेळीची रजा

आमच्या बागायतदार सोसायटीच्या सेवानियमांतला अकरावा नियम मी लिहिला. बाकीचे नियम आम्ही दुसऱ्या एका सोसायटीच्या पुस्तकातून जसेच्या तसे उतरवून घेतले होते, त्यातल्या चुकांसकट. अकरावा मात्र अस्सल माझा. 'ज्या कर्मचाऱ्याच्या घरी सुकेळीचे काम असेल, त्यास पावसाळ्यानंतर पंचेचाळीस दिवसांपर्यंत पगारी रजा मिळेल. समितीच्या एका सभासदाने घरी जाऊन माल पाहावा.' त्रेपन्न साली हे लिहिलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि सोसायटीचा सेक्रेटरी होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. इतकी नेटकी दोन वाक्यं मी पुन्हा कधी लिहिली नाहीत.

बाहेरच्या माणसाला हा नियम ऐकून हसू येतं. हसणाऱ्याने एकदा सुकेळी करून बघावीत. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, चटईवर एकेक मांडून उन्हात घालायची. दुपारी उलटायची. कावळे, कोंबड्या आणि मुंग्या यांच्यावर दिवसभर डोळा ठेवायचा. ऊन उतरायच्या आत सगळी गोळा करून टोपलीत झाकायची, कारण दव लागलं की संपलं. असं सात-आठ दिवस केलं की केळं तांबूस आणि चिवट होतं, मग ते वाळक्या पानात गुंडाळून घट्ट बांधायचं. एक दिवस जरी हयगय झाली तरी सगळा माल काळा पडतो. तेव्हा घरात एक माणूस बसूनच राहावा लागतो, आणि आमच्या सोसायटीत ज्याच्या घरी केळी नाहीत असा माणूसच नव्हता.

ही रजा पहिल्यांदा मीच घेतली. त्या वर्षीची माझी सुकेळी अशी उतरली की आगाशीपर्यंत लोक नाव काढायचे. कोणी विसरायला लागलं, तर मी आठवण करून द्यायचो.

एकोणऐंशी सालच्या नोव्हेंबरात आमचा क्लार्क प्लासिड माझ्या टेबलाशी अर्ज घेऊन आला. प्लासिड गास गावचा, तिशीतला, कमी बोलणारा. त्याची आई रेजिना सुकेळी करण्यात गावात पहिली, त्यामुळे तो दरवर्षी अकराव्या नियमाखाली घरी राहायचा. मला वाटलं, तोच अर्ज असेल. सही करायला पेन उचललं आणि वाचलं: 'माझ्या तीन महिन्यांच्या मुलीस सांभाळण्यासाठी पंचेचाळीस दिवस रजा मिळावी.'

"हे काय आहे, प्लासिड?"

"रजेचा अर्ज, भाऊ."

"ते दिसतंय. मुलीला सांभाळायला तिची आई नाही का?"

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. त्याची बायको विनी शेजारच्या गावातल्या शाळेत शिक्षिका. तिची बाळंतपणाची रजा पंधरा तारखेला संपत होती. मार्चमध्ये ती नोकरीत कायम होणार होती, पण एक दिवस जरी जास्तीचा घेतला तर तिच्या जागी दुसरी बाई घेऊ, असं शाळेने लेखी कळवलं होतं. मुलगी रेजिनाबायंनी सांभाळायची असं ठरलं होतं. त्या ऑक्टोबरात विहिरीवरच्या शेवाळावरून घसरल्या आणि पाय मोडून घेतला. प्लास्टर निघायला नाताळ उजाडणार. विनीची आई हयात नाही.

"नाताळ झाला की आई उभी राहील," प्लासिड म्हणाला. "तेवढे दिवस मी घरी राहिलो तर विनीची नोकरी टिकते. नाहीतर तिला सोडावी लागेल."

"बाईमाणसाला तीन महिने देतात ते कशासाठी? मूल सांभाळायलाच ना? ते झाले. बापासाठी कुठल्या पुस्तकात रजा आहे, दाखव मला."

असं म्हणून मी नियमांचं पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. असं केलं की माणूस निमूट जातो, असा माझा अनुभव. या गड्याने खरोखरच पुस्तक उघडलं आणि उभ्याउभ्या वाचायला लागला.

"अकरावा आहे," तो म्हणाला.

"तो केळ्यांचा आहे."

"हो. केळ्यांसाठी आहे, म्हणून विचारलं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. पण मी काही दगड नाही. शिवाय इतकं सुंदर अक्षर काढणारा क्लार्क मला मिळाला नसता. मी जरा विचार केला आणि मला एक नामी युक्ती सुचली.

"बागेत राजेळी आहे ना? मग अकराव्यातच बसव."

"यंदा सुकेळी करणार नव्हतो, भाऊ. आई पडली आहे. मला त्यातलं नीट येत नाही."

"आई खाटेवरून सांगेल, तू मांड. पोरगी पाळण्यात, केळी चटईवर. एकाच माणसाने दोन्हीकडे बघायचं."

"खोटं होईल."

"केळी उन्हात घातलीस तर खोटं कसं होईल?"

तो नाखुशीने दुसरा अर्ज लिहून घेऊन आला आणि मी सही केली. नियमही मोडला नाही आणि माणसाचं कामही झालं, म्हणून मी फार खुशीत होतो. घरी जेवताना प्रेमलाला, म्हणजे माझ्या बायकोला, रंगवून सांगितलं. तिने भात वाढला आणि विचारलं, "पोरीचं नाव काय?" ते मला माहीत नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमचे चेअरमन जयरामभाऊ माल पाहायला निघाले. माल पाहण्याची त्यांना भारी हौस, कारण पाहण्यात चाखणंही येतं. मलाही बरोबर घेतलं. दोघे सायकली मारत गासला पोचलो तेव्हा अकरा-साडेअकरा झाले असतील.

प्लासिडच्या अंगणात एका माडापासून दुसऱ्या माडापर्यंत दोरी बांधली होती आणि तिच्यावर दुपटी-लंगोट वाळत होते. खाली चटयांवर केळी होती. काळी पडलेली, काहींवर पांढरी बुरशी. एक कोंबडी त्यांतून सावकाश फिरत होती आणि तिलाही ती खावीशी वाटत नव्हती. प्लासिड ओटीवर पाय लांब करून बसला होता. पायांवर पोरगी पालथी घातलेली, आणि तो तिला तेल चोळत होता. पलीकडे खाटेवर रेजिनाबाय प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या.

"पाठीला चोळ, पाठीला," त्या सांगत होत्या. "पीठ मळतोस का तू? आता पानी घे. गरम हाय का बघ आधी."

जयरामभाऊंनी एक केळं उचललं, वास घेतला आणि टाकून दिलं. "हे काय?"

प्लासिड उठू शकत नव्हता. बसूनच म्हणाला, "चार दिवसांपूर्वी बर्थाला ताप भरला, भाऊ. डॉक्टरकडे घेऊन गेलो, परत यायला दिवस मावळला. केळी बाहेरच राहिली. दुसऱ्या दिवशीही पोरगी खाली राहीना."

"मी वरडत होते खाटेवरून," रेजिनाबाय म्हणाल्या. "कोन ऐकतो? पाय असता तर मीच उचलली असती."

"रजा केळ्यांसाठी दिली होती," जयरामभाऊ म्हणाले.

"हो."

"तीच नासवलीस."

"हो," प्लासिड म्हणाला आणि पोरीच्या अंगावर तांब्याने पाणी घालायला लागला. पोरगी रडली नाही. गुटगुटीत, चकचकीत पोर, पाण्याकडे आश्चर्याने बघत होती.

"सोमवारपासून कामावर ये. उरलेली रजा रद्द. भालचंद्र, लिहून घे."

आणि मी खिशातून वही-पेन्सिल काढून लिहून घेतलं. हे सांगताना मला आनंद होत नाही, पण घडलं ते असं.

एवढ्यात विनी फाटकातून आत आली. शाळा दहा मिनिटांवर होती आणि मधल्या सुट्टीत ती पोरीला पाजायला यायची. तिने हात धुतले, पोरीला पंच्यात गुंडाळून घेतलं, आणि आमचे चेहरे बघून नवऱ्याला विचारलं. त्याने दोन वाक्यांत सांगितलं. ती माझ्याकडे वळली.

"खरं का, भाऊ?"

"नियम आहे," मी म्हणालो.

"केळी नासली म्हणून रजा रद्द. म्हणजे केळी छान झाली असती आणि पोरीचा ताप डोक्यात गेला असता, तर रजा चालू राहिली असती."

"अभद्र नको बोलू, बाय," रेजिनाबाय म्हणाल्या.

"मी नाही बोलत, आई. यांचा नियम बोलतो." तिचा आवाज चढला नव्हता. "राजीनामा लिहायला मला पाच मिनिटं लागतील. आजच देते. तेवढं फक्त सांगा, सोमवारी हिच्याजवळ कोण बसलं तर तुम्हाला चालेल? मी बसले तर चालतं आणि हा बसला तर नाही, असं का?"

जयरामभाऊंना असं विचारायची कोणाला सवय नव्हती आणि त्यांना ऐकायची त्याहून नव्हती. त्यांनी भिंतीला लावलेली सायकल ओढून घेतली. मग म्हणाले, "रविवारी समिती बसेल. तिथे ठरवू. तोवर राजीनामा देऊ नको." आणि काही न चाखता सायकलवर बसले.

घरी आलो तो मी तणतणतच. प्रेमला ओटीवर वाल सोलत बसली होती. मी म्हटलं, "सगळं नीट बसवून दिलं होतं. त्या शहाण्याने केळी तेवढी वेळेवर आत घेतली असती, तर कोणाला कळलंही नसतं."

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "अहो, मी शाळेतली नोकरी सोडली ते साल कुठलं?"

"त्रेपन्न. आपला दिवाकर चार महिन्यांचा होता."

"का सोडली?"

"हे काय विचारणं झालं? पोराला सांभाळायला घरात कोणी नव्हतं. माझी आई आधीच गेलेली."

"घरात कोणी नव्हतं," ती म्हणाली. वाल सोलायची थांबली नाही. "महिना कुठला होता?"

महिना नोव्हेंबर होता. मी रजेवर होतो. सोसायटीची सुकेळीची पहिली रजा, पंचेचाळीस दिवस, भरपगारी. मी अंगणात आणि दिवाकरचा पाळणा दाराच्या आत, मध्ये दहा पावलंसुद्धा नव्हती.

"राजीनामा पोचवायलाही तुम्हीच गेला होतात," प्रेमला म्हणाली. "म्हणालात, मी नाहीतरी रजेवरच आहे."

ती रागाने बोलली नव्हती. मी विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"मलाही कुठे सुचलं? आपल्या दोघांनाही वाटलं, रजा केळ्यांची आहे."

मला लाज वाटली. साधी नाही, कान गरम होतात तशी. ही बाई शाळेत जायची तेव्हा सकाळी वेणी घालता घालता कविता म्हणायची. शाळा सुटली आणि ते बंद झालं. सव्वीस वर्षं मी धरून चाललो होतो की तिला आता पाठ नसतील.

शनिवारी मी नवा नियम लिहायला बसलो. 'कर्मचाऱ्यास मूल झाल्यास ते सांभाळण्यासाठी, कर्मचारी पुरुष असो वा स्त्री, पंचेचाळीस दिवस पगारी रजा मिळेल.' प्रेमलाला वाचून दाखवलं.

"विनीला किती मिळाली?" तिने विचारलं.

"तीन महिने."

"मग याला निम्मी का?"

"बाळंतपण तिचं होतं म्हणून."

"बाळंतपणाचे दिवस तिला वेगळे द्या. पोर सांभाळायचे दिवस दोघांचे सारखे. पोर काय निम्मं आहे त्याचं?"

मी पंचेचाळीस खोडून नव्वद लिहिलं. ती म्हणाली, माल पाहायची अटही काढून टाका. ती मी घातलीच नव्हती, पण तिला तसं सांगितलं नाही.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आमचे अर्धे सभासद आले आणि दहाला सभा सुरू झाली. मी नियम वाचला. एक जण म्हणाला, उद्या रजेसाठी लोक पोरं काढतील. दुसरा म्हणाला, केळी दरवर्षी येतात, पोर दरवर्षी थोडंच येतं, तेव्हा सोसायटीला हे स्वस्तच पडेल. जयरामभाऊ सगळं ऐकून घेत होते.

"बाई बाळंत होते म्हणून तिला रजा," ते म्हणाले. "पुरुषाला काय होतं?"

"मूल होतं," मी म्हणालो.

सगळे हसले. मी हसलो नाही. उभा राहिलो आणि त्रेपन्न सालची हकिगत सांगितली. रजा, अंगण, पाळणा, राजीनामा, सगळी. मी कधी असं घरचं काही चारचौघांत बोललो नव्हतो.

जयरामभाऊंची थोरली लेक तेव्हा प्रेमलाच्याच वर्गात शिकत होती. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाले, "बाईंनी शाळा सोडली तेव्हा माझी पोर दोन दिवस धड जेवली नव्हती. घरात कोणी नाही म्हणून सोडली, असं ऐकलं होतं आम्ही."

"मी होतो घरात," मी म्हणालो.

जयरामभाऊंनी कागद ओढून घेतला, चष्मा लावला, नव्वदवर काट मारली आणि पंचेचाळीस लिहिलं. "सही करतो. पण केळ्यांपेक्षा जास्त द्यायची माझी तयारी नाही. आणि प्लासिडची रजा यात धरा, पहिल्या दिवसापासून."

मी भांडलो. थोडा नाही, अर्धा तास भांडलो. पण पंचेचाळीसच्या वर कोणी हात उचलायला तयार होईना, आणि पंचेचाळीसला मात्र सगळे हात वर आले. सभेतून निघून मी आधी गासला गेलो. विनीने राजीनाम्याचा लिहून ठेवलेला कागद चुलीत घातला आणि प्लासिड माझ्यासाठी चहा करायला उठला. रेजिनाबाय खाटेवरून त्याला साखर कुठे आहे ते सांगत होत्या.

घरी आलो तर प्रेमला दारातच उभी. "किती?"

"पंचेचाळीस."

तिने क्षणभर विचार केला आणि हसली. "म्हणजे पोर केळ्यांच्या बरोबरीला आलं. एवढं तरी झालं. उरलेले पंचेचाळीस पुढच्यांनी मिळवावेत."

विनी मार्चमध्ये कायम झाली. पण त्याआधीची एक गोष्ट राहिली.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी प्लासिड आणि विनी बर्थाला घेऊन आमच्याकडे आले. रेजिनाबाय आता काठी घेऊन चालत होत्या. डिसेंबरात प्लासिडने पुन्हा केळी घातली होती, या वेळी अर्ज, नियम काही नसताना, हौसेने. त्यातल्या सुकेळ्यांची एक जुडी त्याने प्रेमलाच्या हातात दिली. तिने वाळकं पान सोडवून एकेक सुकेळं सगळ्यांना दिलं. मी बर्थाला मांडीवर घेऊन खात होतो. सुकेळं खरंच चांगलं झालं होतं, मऊ आणि आतपर्यंत गोड. पण सवय कुठे जाते?

"छान आहेत," मी म्हणालो. "अर्थात आमच्या त्रेपन्न सालच्यांची सर नाही."

"ती मी राखली होती," प्रेमला म्हणाली.

"तू? रजा मी घेतली होती."

"घेतली होतीत ना. आणि दहा वाजले की कपडे करून सोसायटीत जायचात, नवा नियम लोकांना समजावून सांगायला. दिवाकर मांडीवर आणि केळी पुढ्यात, अशी मी बसायची. पंचेचाळीस दिवस."

प्लासिड खाली मान घालून पोरीच्या टोपड्याची नाडी बांधायला लागला. ती आधीच बांधलेली होती. विनीला मात्र हसू आवरलं नाही, मग प्रेमलालाही नाही. मला हसायला जरा वेळ लागला. आठवून बघितलं, तर अंगणातली ती खुर्ची मला दिसत होती, चटया दिसत होत्या, पण त्या खुर्चीत बसलेलो मी काही केल्या दिसेना.

आता मी निवृत्त झालो आहे. नियमांचं पुस्तक दुसऱ्याकडे गेलं, आणि सोसायटीतल्या फेबियनला मुलगा झाला तेव्हा तो बिनबोभाट पंचेचाळीस दिवस घरी राहिला, त्याच्याकडे एक केळं नसताना. त्रेपन्न सालच्या सुकेळ्यांची आठवण मात्र अजून कोणी ना कोणी काढतं. त्याला मी आत पाठवतो. म्हणतो, ती सुकेळी प्रेमलाबाईंनी राखली होती, त्यांना विचार.